बारा नंबरची नोंद

१

वही गेली हे कळलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. स्टेडियमच्या तीन नंबरच्या फाटकाबाहेर तीनशे बेचाळीस माणसं चहाचे कागदी पेले धरून पेंगत उभी होती. दोन मिनिटांत सगळी खडबडून जागी झाली आणि एकदम बोलायला लागली.

वही म्हणजे काय, ते आधी सांगितलेलं बरं. नाहीतर दोनशे पानांच्या एका वहीसाठी एवढं आकांडतांडव कशाला, असं वाटायचं. आत मैदानावर खुर्च्या नव्हत्या. तिकीट सगळ्यांचं सारखं, आणि जो आधी आत शिरेल तो पुढे. त्या गायिकेचा हा निरोपाचा कार्यक्रम होता. स्टेजसमोरच्या लोखंडी कठड्याला टेकून तिला बघायचं, तर दोन दिवस आधीपासून पदपथावर मुक्काम ठोकावा लागे. माणसं पदपथावर मुक्कामाला बसली की भांडणं आलीच, म्हणून चाहत्यांनी आपला आपण कायदा केला होता. आलात की वहीत नाव आणि आल्याची वेळ लिहायची, हातावर मार्करने नंबर काढून घ्यायचा. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी आठ अशी हजेरी. लागोपाठ दोन हजेऱ्या चुकल्या की नाव खोडलं. आणि सगळ्यांत कडक नियम हा, की दुसऱ्या कोणासाठी नंबर धरायचा नाही. सख्ख्या आईसाठीसुद्धा नाही.

आता हातावर नंबर आहे तर वही कशाला, असं कोणी विचारेल. पण मार्कर काय, कुठल्याही दुकानात मिळतो. काल दुपारपर्यंत एक्केचाळीस नंबरचे तीन हात निघाले होते. त्यातला खरा हात कोणता, हे वहीनेच सांगितलं.

वही असायची वहीताईकडे. ही तिशीतली मुलगी औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची, आणि रांगेत तिचा नंबर पहिला. घडीच्या खुर्चीच्या पाठीला तिची कापडी पिशवी लटकवलेली असे, वही त्यात. तिचं म्हणणं असं, की सातची हजेरी घेऊन ती नळावर तोंड धुवायला गेली. परत येऊन बसली. नऊ वाजता कोणी नवीन माणूस नाव लिहायला आला, तिने पिशवीत हात घातला, तर वही गायब. तीन मार्कर होते, पाकीट पैशांसकट होतं, वहीच तेवढी नव्हती.

तेवढ्यात सुरक्षेचे साहेब आले. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणत. आदल्या संध्याकाळी आठच्या हजेरीला येऊन त्यांनी कबूल केलं होतं, की उद्या बारा वाजता वही माझ्या हातात द्या, मी स्वतः नावं आणि वेळा मोठ्याने वाचीन, आणि पहिल्या साठ जणांच्या मनगटाला कागदी पट्ट्या बांधीन. ते साठ जण आधी, शांतपणे आत जातील. आता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले.

"बाराच्या आत वही आली तर पट्ट्या. नाहीतर चारला फाटक उघडतो, पळेल तो पुढे. मला तीनशे लोकांचे तंटे सोडवायला पगार मिळत नाही."

पाच नंबरच्या आजींच्या हातात काठी होती. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"खिडकीकाकांना सांगा," कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणायला लागले.

खिडकीकाकांनी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर काढली होती. खिडकीच्या पलीकडे रोज चारशे माणसं, प्रत्येकाला घाई आणि प्रत्येकाची कोणाशी तरी ओळख. काकांनी कोणाचंही चालू दिलं नव्हतं. या रांगेतही दोन दिवसांत त्यांनी तीन भांडणं चहाच्या पेल्यावर मिटवली होती. त्यांचा स्वतःचा नंबर बारा. पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला ते थर्मास घेऊन आले, तेव्हा पदपथावर दहा-बारा माणसं दिसत होती, बाकी पिशव्याच पिशव्या. वहीताईने धावत येऊन त्यांचा हात आपल्या रुमालाने पुसला आणि त्यावर बारा काढले. नाव-गाव काही विचारलं नाही. ओळखीच्या माणसाला विचारायचं काय?

ओळख त्यांच्या मुलीमुळे होती. मुलगी आणि वहीताई, दोघी मिळून या गायिकेच्या सहा कार्यक्रमांना कठड्याला उभ्या राहिल्या होत्या. रांगेचे नियम मुलीनेच लिहिलेले. आठ महिन्यांपूर्वी ती गेली, तेहतिसाव्या वर्षी. शेवटच्या आठवड्यात तिने उशीखालून हे तिकीट काढून दिलं होतं. "बाबा, माझ्या जागी तुम्ही जा. पण कठड्याला उभं राहायचं हं, मागे नाही. मागून काही दिसत नाही." जन्मात गाण्याच्या कार्यक्रमाला न गेलेले काका हो म्हणाले होते. मुलीला दिलेला तो शेवटचा शब्द होता आणि तो पाळण्यापलीकडे त्यांना जगात आता दुसरं काही काम उरलं नव्हतं.

तेव्हा काकांनी मान डोलावली. शोध लागला तर कठडा, नाही लागला तर सदुसष्टाव्या वर्षी पळापळ, आणि त्यात आपला निभाव लागणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

एकट्या वहीताईचाच नकार होता. "काकांना कशाला त्रास? गेली वही ती गेली."

बिचारी दमली असेल, असं काकांना वाटलं.

२

वही गेल्याने फायदा कोणाचा? या प्रश्नाचं उत्तर रांगेने आधीच ठरवून टाकलं होतं. ते उत्तर पदपथाच्या टोकाला एक पाय कुंपणावर टाकून स्नायू ताणत होतं.

पीटी सर शाळेत कवायत शिकवत. त्यांचा नंबर दोनशे शहाण्णव, आणि आल्याआल्या त्यांनी जाहीर केलं होतं की वही वगैरे सगळं थोतांड आहे, फाटक उघडलं की ज्याच्या पायांत दम तो पुढे, यापेक्षा सरळ न्याय नाही.

"या काका. माझ्यावरच येणार तुम्ही, माहीत होतं मला," ते पाय न उतरवताच म्हणाले.

"सात ते नऊ कुठे होतात?"

"पळत होतो. स्टेडियमभोवती. वीस फेऱ्या झाल्याशिवाय चहा नाही, अशी पहारेकऱ्यांशी पैज लागली होती. एकोणीस झाल्या आणि तुमचा हा गोंधळ सुरू झाला. विचारा त्यांना, मोजायलाच बसले होते."

काकांनी विचारलं. दोघे पहारेकरी एकोणीस म्हणाले. तिसरा अठरा म्हणाला, कारण पैज त्याने लावली होती.

"आणि एक सांगतो," सर मागून म्हणाले. "मला पळून पुढे जायचंय. चोरूनच जायचं असतं तर एवढी वर्षं पळलो कशाला?"

हे काकांना पटलं. माणूस आडदांड होता, पण आतबाहेर एक होता.

मग ते आपल्या शेजारणीकडे वळले. तेरा नंबरची ही बाई शाळेची बस चालवायची. दोन दिवसांत तिने तीनदा वहीचं पहिलं पान बघायला मागितलं होतं, आणि वहीताईने तीनदा काहीतरी कारण सांगून टाळलं होतं. त्यामुळे लोक तिच्याकडेही तिरप्या नजरेने बघत होते.

"मी कशाला चोरू?" ड्रायव्हरबाई म्हणाली. "वही सगळ्यांसमोर वाचली जावी, असं माझ्याइतकं कोणालाच वाटत नव्हतं. काल साहेब वाचतो म्हणाले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. तुम्हीच तर शेजारी होतात."

"पहिल्या पानात असं काय होतं?"

तिने पदर सावरला आणि आवाज खाली आणला.

"काका, मी रोज अडतीस पोरं बसमध्ये घेते आणि अडतीस उतरवते. एक कमी भरलं तर काळजाचं पाणी होतं. त्यामुळे कुठेही गेले की मी डोकी मोजते, सवयच लागली आहे. परवा मी आले तेव्हा इथे अकरा माणसं होती, वहीताई धरून अकरा. मला नंबर दिला तेरा. मी म्हटलं, बारावा कुठाय? ती म्हणाली, नळावर गेलाय. मी दहा मिनिटं थांबले, कोणी आलं नाही. सातची हजेरी झाली तेव्हाही बारा नंबर ती पटकन स्वतःच हजर म्हणाली. मग मी बसची फेरी करायला गेले. एकला आले, तर शेजारी तुम्ही बसलेले. तुमच्यासारख्या माणसावर कसा संशय घ्यायचा? म्हटलं, असतील नळावर."

ही बाई दुपारी एकला शेजारी येऊन बसली होती, म्हणून ती आपल्यानंतर आली असं काका दोन दिवस धरून चालले होते.

"तुम्ही आलात किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"पावणेसहाला," ती म्हणाली. "आणि तुम्ही?"

काकांनी बारा नंबरचा हात खिशात घातला.

३

उत्तर न देताच ते तिथून उठले. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि स्वतःचा नंबर घेताना मात्र वहीत डोकावूनही बघितलं नाही, याची त्यांना लाज वाटली. पण मन लगेच बाजू घ्यायला लागलं. बाई मोजायला चुकली असेल. घड्याळ चुकलं असेल. कोणीतरी बारा नंबरचा खरंच नळावर गेला असेल आणि कंटाळून घरी गेला असेल. आणि तसंही आपण शोधायला निघालोय तो वही घेणारा, तो अजून मिळालेला नाही.

अजून एक जण बाकी होता. केस कापायच्या दुकानात काम करणारा, सगळे त्याला कात्री म्हणायचे. त्याचा नंबर सत्तावीस होता. होता म्हणायचं, कारण काल दुपारची आणि संध्याकाळची हजेरी त्याने चुकवली आणि वहीताईने सगळ्यांसमोर त्याचं नाव खोडलं. त्यावर त्याने बराच थयथयाट केला होता. 'बघून घेतो तुझ्या वहीला' हे त्याचे शब्द साठ-सत्तर जणांनी ऐकले होते.

कात्री मात्र आज खुशीत होता. सत्तावीस नंबरच्या जागेवर मांडी ठोकून तो बिस्किटं खात होता.

"तू इथे कसा?" काकांनी विचारलं.

"माझ्या नंबरवर बसलोय. माफ केलं ना मला."

"कोणी?"

"वहीताईने. सकाळी सातला पुकारला की माझा नंबर. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. मी हजर म्हणालो. तिने पुढे अठ्ठावीस म्हटलं. म्हणजे नाव परत घेतलं, नाही का? मग मी कशाला वही चोरू? उलट आता मलाच वही हवी आहे."

आजूबाजूचे हसले. थापा मारायलाही अंगात कला लागते, असं कोणीतरी म्हणालं. काका हसले नाहीत. त्यांनी सव्वीस नंबरला विचारलं. तो एक पोस्टमन होता, मोजकंच बोलणारा.

"खरं आहे. सत्तावीस पुकारला. मलाही वाटलं, दया आली असेल."

मग अठ्ठावीस नंबरच्या बाईंना विचारलं. त्या कपाळाला बोट लावून आठवायला लागल्या.

"हो बाई, सत्तावीस म्हणाली खरी. पण काका, आज तिने नावं कुठे घेतली? रोज नंबर आणि नाव दोन्ही म्हणते. आज नुसते आकडे. मला वाटलं घसा बसलाय, म्हणून वाचवतेय."

काका पदपथाच्या कडेला बसले. सकाळी त्यांनाही नुसतं 'बारा' एवढंच ऐकू आलं होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. एरवी ती काय म्हणायची? 'बारा, काका.' अकराचं नाव घ्यायची, तेराचं नाव घ्यायची, आणि यांना मात्र काका. त्यांना तो मान वाटला होता.

खिडकीवर बसून एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. समोर यादी असली की माणूस खोडलेल्या ओळीवरून उडी मारतो. डोळाच तिथे थांबत नाही. पण यादीच समोर नसेल आणि माणूस नुसते आकडे म्हणत असेल, तर सव्वीसनंतर तोंडातून सत्तावीसच येणार. खोडाखोड वहीत असते, पाढ्यात नसते. सकाळी सातला वहीताईच्या हातात कुठलीतरी दुसरी वही होती. आणि ती तर म्हणत होती, की खरी वही सातनंतर गेली.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. चोर कोण ते काकांना कळलं होतं आणि का ते विचारायची त्यांना भीती वाटत होती.

४

बंद पडलेल्या तिकीटघराच्या मागे सावलीत वहीताई आपल्या अंथरुणाच्या वळकटीवर बसली होती. काका समोर उभे राहिले. ती उठली नाही.

"ऊठ जरा," काका म्हणाले.

"पाय दुखतायत काका."

"सकाळी तू सत्तावीस पुकारलास."

तिच्या लगेच लक्षात आलं. दोन दिवस झोप नसलेला चेहरा एकदम पडला. तिने काहीही नाकारलं नाही. उठली, वळकटीची दोरी सोडली आणि आतून वही काढून त्यांच्या हातात दिली.

"काल रात्रीच घातली होती आत," ती म्हणाली. "साहेब म्हणाले मोठ्याने वाचणार, तेव्हाच ठरवलं. तुम्ही उघडू नका काका. माझं ऐका."

काकांनी पहिलं पान उघडलं. बाराव्या ओळीवर त्यांच्या मुलीचं नाव होतं. पूर्ण नाव, त्यांचं स्वतःचं नाव मध्ये घालून, जसं तिच्या शाळेच्या दाखल्यावर होतं तसं. पुढे वेळ, पाच वाजून चाळीस मिनिटं.

काका तिकीटघराच्या पायरीवर बसले.

"मी ठरवून नाही लिहिलं," वहीताई म्हणाली. "शपथ. सहा वेळा असंच झालं होतं. मी पहिली यायची, ती रात्री ऑफिस उरकून, डबे भरून, धापा टाकत यायची, दहावी, बारावी. मी नाव लिहायला लागायचे आणि ती समोर हात पुढे करायची. परवा अकरा नावं लिहिली आणि हात आपोआप चालला. लिहून झाल्यावर कळलं. मग खोडायला गेले आणि मला खोडता येईना. काका, मी तिच्या चितेजवळ उभी होते, मी सगळं पाहिलंय, तरी मला एक रेघ ओढता येईना."

काकांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"तेवढ्यात ड्रायव्हरबाई आली, तिला तेरा दिला. मग साडेसातला तुम्ही आलात, हातात तिचं तिकीट. मला वाटलं, तीच पाठवतेय तुम्हाला. जागा होतीच."

"जागा नव्हती, पोरी. जागा तू धरली होतीस. आणि त्यावर पांघरूण घालायला तू तीनशे माणसांना पळायला लावणार होतीस. पाच नंबरच्या आजी कुठे गेल्या असत्या?"

वहीताई रडायला लागली. आवाज न करता, ओठ चावून. मग तिने डोळे पुसले आणि पिशवीतून एक कोरी वही काढली. सकाळी हजेरीला जी हातात धरली होती तीच.

"अजून तास आहे," ती घाईघाईने म्हणाली. "मी सगळी पानं यात उतरवते. बाराला तुमचं नाव, वेळ पाच चाळीस. वही वळकटीत सापडली म्हणून सांगू. ड्रायव्हरबाई बोलणार नाही, तिला तुमची माया आहे. तुमच्या लेकीने मला सांगितलं होतं काका. शेवटच्या दिवशी. बाबांना कठड्याशी पोचव म्हणाली होती."

हो म्हणणं काकांच्या अगदी ओठावर आलं. खोटं का सांगा? हो म्हणायचीच त्यांची इच्छा होती. आठ महिने ते या संध्याकाळकडे डोळे लावून जगले होते. एका नंबराने कोणाचं काय बिघडणार होतं?

आणि सवयीने त्यांनी तेच विचारलं. "पट्ट्या साठ. माझ्यामुळे कोणाची जाते?"

वहीताईने ते कालच मोजून बघितलं होतं. तिने मान खाली घातली.

"सत्तर नंबरची. इस्त्रीच्या दुकानात काम करते ती, निळी चप्पल. खोडलेली नावं सोडली तर साठावी पट्टी एकोणसत्तरपाशी संपते."

"ती कधी आली?"

"परवा सात वीसला. तुमच्या आधी दहा मिनिटं."

काकांनी वही मिटून मांडीवर ठेवली. मुलगी आजारी पडली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खिडकीवरची ओळख वापरून तिचा कागद वर सरकवला होता. तिने तो परत खाली ठेवायला लावला होता. "बाबा, पुढे बसलेत ते काय हौस म्हणून बसलेत?" तिला तेव्हा धड बसवतही नव्हतं. काकांना तिचा त्या दिवशी भयंकर राग आला होता. आज पुन्हा आला, आणि रागापाठोपाठ तिची आठवण आली.

त्यांनी कोरी वही वहीताईच्या पिशवीत परत घातली.

"चल," ते म्हणाले.

५

बाराला पाच कमी असताना काका तीन नंबरच्या फाटकासमोर वही घेऊन उभे राहिले. रांगेतली माणसं पुढे सरकली. शिट्टीसाहेबसुद्धा चहा बाजूला ठेवून आले.

"वही मिळाली," काका म्हणाले. "कोणी घेतली ते मी सांगणार नाही. का घेतली ते सांगतो."

"मी घेतली," वहीताई मागून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

मग काकांनी सांगितलं. थोडक्यात आणि काही न लपवता, जसं ते खिडकीवरून एखाद्याला त्याचा नंबर का लागला नाही ते सांगत. पावणेसहाला अकरा माणसं होती, ड्रायव्हरबाईचा हिशेब बरोबर होता. सकाळी सातला वही नव्हती, म्हणून कात्री खरं बोलला, आणि तरीही त्याचं नाव खोडलेलंच आहे. बारा नंबर ज्याच्या हातावर आहे तो माणूस साडेसातला आला, आणि बारा नंबरला ज्या मुलीचं नाव आहे ती येणार नाही.

पहिले पीटी सर बोलले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "काका, राहू द्या. आमची हरकत नाही. कोणाची आहे का हरकत?"

नाही, नाही, असा गलका झाला. त्यात सत्तर नंबरची निळ्या चपलांची बाईही होती. जमिनीकडे बघत तीही नाही म्हणाली.

"बघा," काका म्हणाले. "त्यांना नाही म्हणावं लागलं. एवढ्या लोकांत त्या दुसरं काय म्हणणार?"

"मग निदान बहात्तर नंबर तरी घ्या," पोस्टमन म्हणाला. "साडेसातला एकाहत्तर झाले होते."

"बहात्तर दुसऱ्याच्या नावावर आहे. ज्याची नोंद नाही तो रांगेत नाही. मी एकतीस वर्षं लोकांना हेच सांगून परत पाठवलंय."

वही त्यांनी ड्रायव्हरबाईकडे दिली. यापुढे वही तिने ठेवायची, असं रांगेनेच ठरवलं. वहीताई पिशवी खांद्याला लावून शेवटाकडे निघाली, तेव्हा काकांनी तिचा दंड धरला.

"तू कुठे? तुझा नंबर खरा आहे. तू कठड्याला उभी राहायचंस. मला नाही दिसणार, तू बघ."

तिने मान डोलावली आणि पिशवी खांद्यावरून उतरवली.

शिट्टीसाहेबांनी वाचायला वही मागितली. ड्रायव्हरबाईने पहिलं पान उघडलं, पेन काढलं आणि बाराव्या ओळीवर आणून तशीच थांबली. मग तिने काकांकडे बघितलं.

काकांनी पेन घेतलं. या आठ महिन्यांत त्यांनी मुलीच्या नावाचे किती कागद बंद केले होते. बँकेचे, ऑफिसचे, दवाखान्याचे. आता एकही उरला नाही, असं त्यांना वाटत होतं. खिडकीवर ते नाव खोडायचे तेव्हा एकच आडवी रेघ ओढायचे, गिरगटायचे नाहीत, म्हणजे खाली कोण होतं ते वाचता येतं. तशी एकच रेघ त्यांनी ओढली. ती शेवटी थोडी वर गेली. मग त्यांनी पेनला टोपण लावलं.

अकरा नंबरपर्यंत पट्ट्या बांधून झाल्या. "तेरा नंबर," शिट्टीसाहेबांनी वाचलं, आणि ड्रायव्हरबाईने मनगट पुढे केलं.

सत्तर नंबरच्या बाईंना साठावी पट्टी मिळाली. ती बांधून घेताना त्यांनी काकांकडे बघायचं टाळलं, आणि ते बरोबरच होतं.

वही नसताना जी माणसं येऊन थांबली होती, त्यांची नावं आधी लिहिली. मग कात्रीचं, कुरकुर करत. त्याच्यानंतर काकांनी आपलं नाव सांगितलं. ड्रायव्हरबाईने त्यांच्या हातावरच्या बारावर काट मारून त्याच्याखाली चारशे एकोणीस लिहिलं. मग काका थर्मास घेऊन निघाले. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यावरून भिंतीच्या कडेने, भिंत संपल्यावर गाड्या उभ्या करायच्या मैदानापर्यंत. रांगेने त्यांना वाट करून दिली. कोणी काका म्हणून हाक मारली नाही, आणि त्याचं त्यांना बरं वाटलं.

शेवटाला पोचले तेव्हा त्यांच्या मागे कोणी नव्हतं. थोड्या वेळाने एक मुलगी आली. पंचविशीची असेल, ऑफिसची पिशवी, केस सुटलेले, धापा टाकत.

"काका, शेवट इथेच ना? मी तुमच्या मागे?"

"हो, माझ्या मागे. पुढे जाऊन वहीत नाव लिहून ये आधी."

"फारच उशीर झाला मला. ऑफिसमधून सोडतच नव्हते," ती म्हणाली. मग त्यांच्या थर्मासकडे आणि चुरगळलेल्या कपड्यांकडे तिचं लक्ष गेलं. "तुम्ही कधीपासून उभे आहात?"

"मी?" काका म्हणाले. "मी आत्ताच आलो."

आणि मग त्या अनोळखी मुलीसमोर त्यांना रडू आवरेना.